कंदिलवाल्याचं नाव

एकाहत्तरच्या डिसेंबरात निडी गावातलं युद्ध एकाच घरानं वाटून घेतलं होतं. हैबतराव धुमाळ पडवीत रेडिओ लावून आघाडी सांभाळत आणि त्यांची बायको मैना होमगार्डचा खाकी गणवेश घालून गावातला ब्लॅकआउटचा अंधार सांभाळी. त्या गणवेशावर तिचा भारी जीव. एरवी तिला न विचारणारी माणसं आता तिची शिटी ऐकली की चूल झाकत, खिडकीला गोणपाट लावत.

हैबतरावांना मात्र ढाका सापडत नव्हता. वर्तमानपत्रातल्या नकाशावर ढाका शोधायचा तर कंदील हवाच. "मी तरी देशाचंच बघतोय ना गो?" म्हणत त्यांनी वात मोठी केली आणि रोह्याला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरला तो उजेड नेमका दिसला; त्यानं तो रोह्यात कळवला.

दुसऱ्या सकाळी रोह्याला होमगार्डच्या कवायतीत साहेबांनी मैनेला पुढे बोलावलं. "निडीत कंदील कुणाचा होता? नाव सांगा, नाहीतर गणवेश जमा करा."

मैनेची पंचाईत झाली. नवऱ्याचं नाव बाईनं तोंडानं घ्यायचं नाही, घ्यायचंच तर उखाण्यात. लग्नाला अठरा वर्षं झाली, तिनं ही रीत कधी मोडली नव्हती.

"आमचे... हे," ती म्हणाली.

"हे म्हणजे कोण?"

रांगेतली रंभा फिसकन हसली. "उखाण्यात घे गो!"

गणवेशाच्या काळजीनं मैनेनं डोळे मिटले.

"गावानं झाकल्या चुली, काळोख केला दाट,
हैबतरावांच्या कंदिलानं लावली सगळ्याची वाट."

सगळी रांग खो खो हसत सुटली. साहेबांनीही हसत वही मिटली. "बरं, बरं. घरचं प्रकरण घरीच मिटवा. गणवेश राहू दे."

खरं तर मैनेनं सुटकेचा श्वास टाकायचा. पण तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परवाच चुलीच्या जाळापायी म्हाताऱ्या काशीबाईला तिनं इथंच आणून उभं केलं होतं. तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

"हैबतराव बाबाजी धुमाळ," ती सासऱ्याच्या नावासकट सरळ म्हणाली. "लिवा सायेब."

आता कुणीच हसेना. साहेबांनी पुन्हा वही उघडली.

ती घरी पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. हैबतराव रेडिओ बंद करून बसले होते.

"माझं नाव घेतलंस म्हणं?"

"व्हय. आधी उखाण्यात, मंग सरळ."

"अगो, उखाण्यातलं बास होतं की! हसण्यावारी गेलं असतं."

"जातच होतं," मैना म्हणाली. "म्हणून तर सरळ घेतलं."