मनगटावरचं पाणमांजर

सगळ्या गावाचं हसू माझ्या हातून जातं, असं सर म्हणायचे. म्हणजे मी कवळ्या करते. डॉक्टर साचा पाठवतात, मी मेणात दात बसवते, घासते, चकाकवते आणि डबीत घालून परत पाठवते. ज्याच्या तोंडात ते दात जातात तो माणूस मला कधी दिसत नाही. सर तेवढे दिसले, कारण त्यांची कवळी टोचत होती आणि डॉक्टरांशी भांडून ते थेट माझ्या दारात उभे राहिले. कवळी घासून दिली, तर जाताना विचारतात, "रविवारी दुपारी काय करता?"

मी काहीच करत नव्हते. भाऊ-वहिनी वेगळे राहायला गेल्यापासून घरात मी आणि फ्रिज, दोघंच. त्यातल्या त्यात फ्रिज जास्त बोलका.

सर भूगोल शिकवायचे. शाळेतल्या पोरांसाठी त्यांनी एक खेळ रचला होता. फासे, नकाशे, राक्षस, आणि प्रत्येकाने एकेक वीर घेऊन त्याच्या तोंडून बोलायचं. पोरं मोठी होऊन पांगली, खेळ उरला. मग सरांनी हाताशी लागतील ती माणसं धरली: शाळेचे गणवेश शिवणारे टेलरमामा, शाळेच्या दवाखान्यातली सिस्टर, आणि मी, दातवाली. पन्नाशी गाठलेल्या माणसांनी टेलरच्या दुकानामागे बसून "शूरांनो, माझ्यामागे या!" म्हणून ओरडायचं! पहिल्या रविवारी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी हजर.

खेळाचा जीव गोंदणात होता. प्रत्येक वीराच्या मनगटावर एक प्राणी. हाक मारली की तो कातडीवरून उतरतो, जिवंत होतो, काम करून परत येतो. सरांचा नियम असा, की तो प्राणी खेळणाऱ्याच्या खऱ्या मनगटावर काढायचा, काजळाच्या पेन्सिलीने, आणि तो दुसऱ्या माणसाने काढायचा. आपला आपण काढलेला प्राणी कातडी सोडत नाही. हाक मारायची वेळ आली की मनगट सगळ्यांना दाखवायचं आणि ओल्या फडक्याने पुसायचं. गेला तो कामाला.

मी मामांचं मुंगूस काढायचे, मामा सिस्टरचं घुबड, आणि सिस्टर माझं पाणमांजर. सिस्टरच्या चित्रकलेबद्दल न बोललेलं बरं. मिश्या फुटलेलं वांगं व्हायचं. पण काढताना ती माझा हात नाडी बघितल्यासारखा मांडीवर घ्यायची आणि दटावायची, "हलू नकोस गं, शेपटी राहिलीय." आठवडाभर मी साच्यांना हात लावत असे. मला हात लावणारी ती एकटीच होती. हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

मग सिस्टरचे गुडघे गेले आणि लेक तिला आपल्याकडे घेऊन गेली. मामांनी दुकान मुलाच्या शहरात नेलं. सरांच्या बायकोला इथली हवा सोसेना, तेही गेले. मी कुठे जाणार? मी इथेच. खेळ फोनवर आला, चार चौकोनांत चार डोकी. नियम मात्र तोच राहिला. सिस्टरचं घुबड आता नात काढते, मामांचं मुंगूस सून.

माझं कोण काढणार?

स्वतः काढून बघितलं. हुबेहूब आलं, अंगावरचा केस न् केस. तिथेच फसलं, कारण असलं सुरेख पाणमांजर माझ्याशिवाय कोणाच्या हातचं नाही, हे तिघांनी लांबून ओळखलं असतं. आणि मी दात खोटे करते, खोटं बोलत नाही. मी ते पुसलं, बाही खाली ओढली आणि पाणमांजराला हाकच मारायची सोडून दिली. त्यांना वाटलं, दातवाली हुकमाचं पान राखून ठेवतेय.

मग एका रविवारी सरांनी खेळात नदी आणली. पूल तुटला आणि सिस्टरची वीर, धनुर्धारी, पाण्यात पडली. पहिल्या दिवसापासूनची तिची धनुर्धारी. घुबडाला पाण्यात उतरता येईना, मुंगूस तर आधीच्याच लढाईत मेलेलं. आणि सरांच्या खेळात मेलेला वीर परत येत नाही.

"ही गेली तर मी नवीन नाही करणार बाई," सिस्टर म्हणाली. "डोळ्यांना झेपत नाही आता. थांबेन मी."

ती थांबली की मामा थांबणार, मामा थांबले की खेळ संपला.

"दातवाली, अहो बघताय काय?" मामा ओरडले. "सोडा की पाणमांजर!"

"मनगट दाखवा," सर म्हणाले.

मी बाही वर केली. कोरं मनगट चौकोनात आलं.

"राहिलं का काढायचं?" सरांनी हळूच विचारलं.

"राहिलं नाही. काढायला कोणी नाही, सर. कधीपासूनच नाही."

बोलून गेले आणि वाटलं, फोन बंद करून टाकावा. तेवढ्यात सिस्टर नातीवर खेकसली, "ती पेन्सिल दे इकडे!" आणि मग मला, "हात पुढे कर. कॅमेऱ्याला चिकटव. अजून."

तिचा चेहरा माझ्या फोनभर झाला, नाक, कपाळ आणि पेन्सिलीचं टोक. ती तिकडे स्वतःच्या फोनच्या काचेवर काढत होती, माझ्या मनगटाच्या चित्रावर.

"आजी, फोन खराब होईल!"

"होऊ दे. हलू नकोस गं, शेपटी राहिलीय."

हात भरून आला, पण मी हलले नाही. मला काहीच दिसत नव्हतं. माझं मनगट कोरंच होतं.

"झालं," सिस्टर म्हणाली. "मस्त आलंय."

"पण नियमात मनगटावर म्हटलंय," मामा पुटपुटले.

"सिस्टरला मनगटावर दिसतंय ना?" सर म्हणाले. "मग आहे. पुसा."

तिने काच पुसली, मी ओल्या फडक्याने कोरं मनगट पुसलं. फासे टाकले. पाणमांजराने धनुर्धारीची वेणी दातांत धरली आणि तिला काठावर ओढून आणलं. मामांनी तिकडे टाळ्या पिटल्या. सिस्टरने पाणमांजर काचेवर पुन्हा काढलं. "ये, बस जागेवर. आता हे मी पुसत नाही." मग नातीला फोन हवा होता, मामांना बाहेर जायचं होतं, आणि चौकोन एकेक करून विझले.

पाणमांजर सिस्टरच्या फोनवर राहिलं. माझं मनगट नुसतं ओलं होतं. मी ते उताणं करून मांडीवर घेतलं, सिस्टर धरायची तिथेच दुसऱ्या हाताची बोटं ठेवली आणि मोठ्याने म्हणाले, "हलू नकोस गं."

स्वयंपाकघरात फ्रिज घुरघुरायला लागला.