मला उंचावर ठेवू नका

कोळशाचा धूर. खिडकीच्या काचेवर आतून धरलेला बर्फ. खारट दुधाच्या चहाचा थर्मास. सहा वर्षांच्या मुलीच्या दोन बरगड्यांमधून बाहेर आलेली नळी.

मित्रांनो, त्या नळीचं दुसरं टोक माझ्या पोटातल्या पाण्यात बुडालेलं असतं. मी एक जुनी, जाड काचेची बाटली, मंगोलियातल्या उलानबातरच्या एका इस्पितळातली. छातीतला पू आणि हवा माझ्यात उतरते. पाण्यामुळे हवा परत आत जात नाही. याच कामाच्या प्लास्टिकच्या पेट्या आल्या तेव्हा मला अडगळीत टाकलं. हिवाळ्यात पेट्या संपल्या, तेव्हा उकळून त्या मुलीच्या, खुलानच्या पलंगाशी आणलं.

खुलानच्या फुफ्फुसावर पुवाची जाड साल चढली होती. डॉक्टर ओयुनने छाती उघडून ती सोलून काढली. फार सुंदर काम. पण मला छातीच्या खाली, जमिनीवर का ठेवलंय, हे तिच्याजवळ बसलेल्या त्सेंद आजीला कोणीही सांगितलं नाही.

मी होते ऐन वाटेत. जो तो मला ओलांडून जाई. आजीला ते बघवेना; तिच्या लेखी ओलांडणं म्हणजे अपमान. एका दुपारी तिने मला उचललं, पदर नव्हता म्हणून बाहीने पुसलं आणि उशाजवळच्या कपाटावर, मानाच्या जागी ठेवलं.

पाणी उताराकडेच धावतं, मित्रांनो. माझ्यातली घाण उलटी खुलानच्या छातीत शिरली. तिचे ओठ निळे पडले. मला ओरडता येत नाही.

परिचारिका गेरेल धावली. नळी चिमटीत दाबून तिने मला खाली उतरवलं.

“पोरीला मारायला बसलात का, आजी?” ओयुन कडाडली.

“तिचा श्वास वाटेत मांडलात तुम्ही, बाई. स्वतःच्या लेकीला असं ओलांडलं असतंत?”

ओयुनची नजर खाली माझ्याकडे वळली. रोज सकाळी तीही मला ओलांडूनच यायची.

गेरेलने मला पलंगाच्या खालच्या दांडीला बांधलं. छातीच्या खाली, पायांच्या वाटेबाहेर. इतकं सोपं होतं! पण उलट्या शिरलेल्या घाणीने खुलानला पुन्हा ताप चढला, तिची छाती पुन्हा उघडावी लागली. पुढे मला गुडघ्याशी धरून ती व्हरांड्यात चालायची आणि कुरकुरायची, “ही जाडी चालतच नाही.”

मला घासा, जपा. पण आधी आजीला खाली बसवून, समजेल असं सांगा. तिच्यावर ओरडणं हा उपचार नाही.

पहिल्या दवाखान्यात खुलानची छाती तिच्या जाड कोटावरूनच तपासली होती; आतला पू तेव्हा कोणाला कळलाच नाही.