दोन सुया एकदम
१९५८ची दिवाळी नुकतीच झाली होती. अकोल्याच्या बियाणे केंद्रात मी कारकून होतो, तिथेच तार मिळाली: माझी बायको सरोजिनी गेली. अमरावतीला घरी पोचलो तर ओट्यावर शेजारचे शेषराव बसले होते. त्यांची मुलगी कुंदा आत सरोजिनीच्या देहाजवळ बसली होती.

सरोजिनी लग्नं जुळवायची. कुंदाला तिनं शब्द दिला होता, शाळेतली नोकरी सुटणार नाही असं घर बघून देईन. कुंदा सत्तावीस वर्षांची. दिवसवार झाल्यावर शेषराव म्हणाले, "जेठापर्यंत पाहातो. नाही तं अचलपूरचा बिजवर हाय, त्याले देऊन टाकतो."

सरोजिनीच्या वहीत एकशे बारा मुलांची माहिती होती. हिवाळाभर मी ती कार्डांवर उतरवली, आमच्या केंद्रात कपाशीच्या वाणांची असतात तशी. कडेला भोकं, प्रत्येक भोक एका गोष्टीचं. गोष्ट लागू असली की ते भोक कडेपर्यंत कापायचं. गठ्ठ्यात विणायची सुई घालून उचललं की कापलेली कार्डं गळतात, बाकीची सुईवर राहतात. हवी असतील तर गळलेली घ्यायची, टाळायची असतील तर सुईवरची.

शेषराव काश्यप गोत्राचे, म्हणून काश्यप टाळायचे होते. मी 'सुनेची नोकरी चालेल' आणि 'काश्यप' या दोन्ही भोकांत एकदम सुया घातल्या. गळलेली बाजूला टाकली आणि सुईवरचं पहिलं कार्ड घेऊन बाळापूरला गेलो. मुलाची आई म्हणाली, "मास्तरीण? मंग घरचं कोन पाहीन?"

परत येऊन कुंदाला सांगितलं.

"काका, तुमच्या सुया आपसात भांडून राहिल्या." तिनं टाकलेली कार्डं उचलून वाचली. "हे पाहा. सारे काश्यप, अन् नोकरीले राजी. दोन्ही भोकं कापलेले तेवढेच पडले. बाकी चालते म्हननारे, नाही म्हननारे, सारे सुईवरच."

खरं होतं. एकेकटी सुई बरोबर होती. दोन्ही मिळून चूक. मग आधी काश्यपची सुई घालून गळलेली काढून टाकली. सुईवर उरली त्यांत नोकरीची घातली. तीन कार्डं पडली.

दुसरं कार्ड राजापेठेतल्या रविकांतचं. आम्ही तिघं त्याच्या घरी गेलो, तेव्हा त्याच्या आईनं कुंदाला एकच विचारलं, "शाळा केव्हा सुटते?"

"साडेपाचले."

"मंग संध्याकाळचा चहा मीच ठेवत जाईन."

परतताना शेषराव रस्त्यातच म्हणाले, "सुटलो बुवा!" मीही सुटलो. त्या दुपारी मला गाढ झोप लागली, कितीतरी महिन्यांनी.

कुंदाच्या आधी मी अशाच दोन सुया घालून, सरोजिनीकडे आलेल्या दुसऱ्या मुलींच्या चार घरांना स्थळं कळवली होती. ती चुकीची आहेत हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.