हिरवा पेला, निळा पेला

"महाराज, तुमच्या स्वतःच्या पेल्यात कोणता रंग उमटतो?"

हा प्रश्न विचारायची माझी छाती नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. विचारला. गच्च भरलेल्या सभागृहातल्या साऱ्या माना माझ्याकडे वळल्या.

उजेडमहाराजांची विद्या अशी: पेल्यात समोरच्या दोनपैकी एका सुरईतलं पाणी, त्यात पिवळ्या अर्काचा एक थेंब, वर जांभळा दिवा. पेला हिरवा चमकला तर देह शुद्ध. निळा चमकला तर रोग, आणि रोगावर महाराजांचाच काढा. पप्पांचा पेला गेल्या महिन्यात निळा आला, काढा प्यायल्यावर हिरवा. त्या दिवसापासून रक्तदाबाच्या गोळ्या बंद. परवा छापखान्यात चालू मशीनसमोर त्यांना भोवळ आली, तर म्हणतात कसे, "रोग बाहेर पडतोय."

"आमचा पेला सदैव हिरवा, बाळ," म्हणत महाराजांनी डावी सुरई उचलली.

"उजवी घेऊ या ना." मीच ओतलं. बोटांवर सांडलं ते गार लागलं आणि लगेच उडून गेलं. थेंब पडला, दिवा लागला. महाराज निळे.

"मुलीच्या हाताचा दोष."

"मग त्याच हाताने डावीतलं ओतते." पेला हिरवागार. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

मी उजवी सुरई पप्पांच्या नाकाशी धरली. हॉलभर अत्तराचा मारा होता, पण वीस वर्षं छपाईचे रोलर पुसणाऱ्या माणसाचं नाक ते.

"अगं, हे तर आपलं रोलर पुसायचं स्पिरिट," पप्पा हळूच म्हणाले.

महाराजांना नेमकी तेव्हाच ध्यानाची वेळ आठवली.

घरी आईसमोर मी तोच चमत्कार केला. अर्काच्या जागी शाळेतल्या रसायनशास्त्राच्या बाईंनी दिलेल्या पिवळ्या मार्करची शाई, दिवाही त्यांचाच, स्पिरिट छापखान्यातलं.

"त्यात असतं तरी काय?" आई म्हणाली.

"प्रकाश पडला की या रंगाच्या रेणूला आपला एक प्रोटॉन सोडायची घाई होते. पाणी तो चटकन घेतं, मग उजेड हिरवा. स्पिरिटला तो घ्यायचा उत्साह नाही. प्रोटॉन जागेवरच, उजेड निळा. यात रोग कुठे आला?"

पप्पा दोन्ही पेल्यांकडे आळीपाळीने बघत होते. फसलो याची लाज वाटत असावी. लाज कसली? डोळ्यांनी खरंच निळं पाहिलं होतं. फक्त पेला कशाने भरलाय, हे कुणी विचारलं नव्हतं. तेवढं विचारायला हवं, प्रत्येकाने, प्रत्येक वेळी.

"मी ठरवलंय," मी दोघांना सांगितलं. "उद्या शाळेला दांडी. पप्पांना डॉक्टरांकडे मी नेणार. आणि रक्तदाब कसा मोजला, ते डॉक्टरांनाही विचारणार."