माझ्या कोपऱ्यावरचे तीन ठोके

मित्रांनो, मी एक जुना गुण्या आहे, आणि आयुष्यात एकदा मी धडधडीत खोटे बोललो आहे. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची बढाई तुम्ही जरा सांभाळून ऐकाल.

गुण्या म्हणजे सुताराचा पोलादी काटकोन. मला दोन हात आहेत, एक लांब आणि एक आखूड. त्यांच्यामधला कोपरा खरा असला की घर सरळ उभे राहते. केप ब्रेटन बेटावरच्या नील मॅक्निल नावाच्या सुताराने मला घेतले, तेव्हा माझ्यात तोंड पाहून दाढी करता आली असती.

आमच्या गावात निम्मे लोक मॅक्निल. नुसत्या आडनावाने हाक मारली तर दहा जण वळून बघतात, म्हणून प्रत्येक घराला टोपणनाव असते. एक घर तांबड्यांचे, एक होडीवाल्यांचे, आणि एक उद्यावाल्यांचे, कारण त्यांच्या आजोबांनी कुठलेही काम आज म्हणून केले नाही. नीलच्या घराला माझ्यावरून नाव पडले, गुण्यावाले. 'गुण्यावाल्यांची भिंत' म्हटले की पुढे कोणी ओळंबा लावून बघत नसे. हे ऐकून मी किती फुगत असेन ते तुम्हीच ओळखा.

नीलच्या मागे मी त्याच्या मुलाकडे, मर्डोककडे आलो. मर्डोक दर शनिवारी मला तेल लावून फ्लॅनेलमध्ये गुंडाळी. बायकोशी बोलत नव्हता एवढे तो माझ्याशी बोले, असे त्याची बायकोच सांगत असे. मग एका पानगळीत तो परांचीवर असताना मी त्याच्या हातून सुटलो आणि खालच्या खडकावर कोपऱ्यावर आपटलो. मर्डोक शिडी उतरून आला. त्याने मला बाहीने पुसले, इकडेतिकडे पाहिले, कोणी नव्हते, आणि मला पेटीत ठेवून दिले. माझा कोपरा केसभर उघडला होता. मला ते कळले होते, पण मला विचारतो कोण? पुढे दीड वर्ष खिडक्या-खुर्च्यांचीच कामे निघाली, त्या लहान मापांत ते खपून गेले.

आता मोरागची गोष्ट. मोराग छत्तीस वर्षांची, दोन मुलींची आई. चौदा वर्षे तिने कारखान्यात कॉड मासे कापले. कारखाना बंद पडला, तेव्हा ती मर्डोकच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मला सुतारकाम शिकवा." शिकाऊ सुताराकडे एक वही असते. जे काम नीट आले, त्यापुढे उस्ताद सही करतो. तीन वर्षांत मोरागची वही भरली होती. एकच पान कोरे होते, छपराचे. ती सही मिळाली तर तिला हॅलिफॅक्स शहरात शेवटच्या वर्गाला आणि मग परीक्षेला बसता येणार होते. मर्डोक एकाहत्तरचा झाला होता आणि गावच्या सभागृहाचे छप्पर हे त्याचे शेवटचे काम होते. त्याच्यामागे तिला शिकाऊ म्हणून ठेवणारा दुसरा उस्ताद गावात नव्हता.

त्या सकाळी मर्डोकने मला फ्लॅनेलमधून काढले आणि पहिल्यांदाच परक्या हातात दिले. "हा घे. नमुन्याचा वासा तू काप. मी मध्ये बोलणार नाही."

छपराचे वासे असे आखतात: लाकडावर मला तिरका धरायचा, खूण करायची, मग पुढे सरकवायचे. अशी बारा पावले, म्हणजे केसभराची चूक असली तर तीही बारा वेळा. मोरागने जीव ओतून पावले टाकली. दोन वासे कापून वर चढवले आणि आढ्याला टेकवले. बोटभर फट!

लॉकी, मर्डोकचा चुलतभाऊ, वर आढे धरून उभा होता. तो खो खो हसला. "अगं बाई, यातून तर सील मासा आत येईल!"

"तू आढं धर, आणि तोंडही धर," मोराग म्हणाली आणि खाली उतरली. तिने नवे लाकूड घेतले, पेन्सिलीला टोक काढले आणि पुन्हा बारा पावले टाकली. पुन्हा फट, आणि तीही तेवढीच.

मर्डोकचा चेहरा उतरला. "तीन वर्षं शिकवलं तुला, पोरी. दोनदा लाकूड वाया. या पानावर मी सही करू शकत नाही. माझ्या बापाची शपथ, मला वाईट वाटतं."

मित्रांनो, मला तेव्हा वाचा असती तर! मी त्या फळ्यांवर पडून राहिलो, तेल लावलेला, चकचकीत, आणि लबाड. चूक माझी होती आणि बोल तिला लागत होता.

चहा झाला. लॉकीने तिच्यापुढे ओटची पोळी सरकवली. "खा. सुतारकी गेली तर मासे आहेतच."

मोरागने पोळीला हात लावला नाही. ती त्या दोन्ही जोड्यांच्या फटी बघत होती. मग हळूच म्हणाली, "लॉकी, मी चौदा वर्षं मासे कापले. माझा हात चुकायचा ना, तेव्हा दर वेळी वेगळा चुकायचा. या दोन्ही फटी अगदी सारख्या आहेत. हात असा चुकत नाही."

ती उठली. एक सरळ कडेची फळी घेतली. माझा आखूड हात कडेला लावून लांब हाताने रेघ ओढली. मग मला पालथा केला आणि त्याच ठिकाणाहून दुसरी रेघ ओढली. कोपरा खरा असेल तर दोन रेघांची एकच दिसते. माझ्या दोन रेघा बदकाच्या चोचीसारख्या उघडल्या होत्या.

"मर्डोक, इकडे या."

"माझ्या बापाचा गुण्या पारखतेस?" मर्डोक कडाडला. "पन्नास वर्षं कोणाची छाती झाली नाही!"

"पहिल्याच आठवड्यात तुम्हीच शिकवलंत. दुकानातून आलेला गुण्या आधी पारखायचा, म्हणालात. बापाकडून आलेला पारखू नये, असं काही म्हणाला नव्हतात."

लॉकीने हसू गिळले. मर्डोकने त्या दोन रेघांवरून बोट फिरवले. मग फळीवर बसला आणि म्हणाला, "पडला होता. दीड वर्षापूर्वी, माझ्याच हातून. मला बघवलंच नाही."

असे म्हणायला एकाहत्तराव्या वर्षी केवढी हिंमत लागते! माझ्या मनात त्याची किंमत त्या दिवशी दुप्पट झाली.

त्याने पेटीतून पोलादी टोचा आणि हातोडी काढली आणि दोन्ही मोरागच्या हातात दिली. "कोपरा उघडला असेल, तर त्याच्या बाहेरच्या टोकाशी ठोकायचं. पोलाद पसरतं, हात जवळ येतात. तूच मार."

तिने तीन ठोके मारले. दुखले, खोटे कशाला सांगू. मग पुन्हा दोन रेघा ओढल्या, आणि फळीवर एकच रेघ दिसली.

तिसरी जोडी वर चढली, तेव्हा लॉकीने आढ्याच्या सांध्यात बोट घालून पाहिले. मग नख. मग खिशातला कागद. "मर्डोक," तो वरून ओरडला, "इथं तर मुंगीलाही दार ठोठावावं लागेल!"

चार दिवसांत चव्वेचाळीस वासे बसले. आमच्याकडे छपराचा सांगाडा पुरा झाला की टोकावर स्प्रूसच्या झाडाची हिरवी फांदी ठोकतात, आणि ती उस्तादाने ठोकायची असते. सारे गाव खाली उभे होते. मर्डोकने फांदी मोरागला दिली, वही मांडीवर उघडली आणि ती वर चढत असतानाच सही केली. सहीखाली त्याने एक ओळ लिहिली: 'माझा गुण्याही हिनेच सरळ केला.'

मोराग परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली. मर्डोकने मला फ्लॅनेलसकट तिच्या घरी पोचवले. आज तिच्या हाताखाली दोन जणी शिकतात, आणि दर सोमवारी मला पालथा घालून दोन रेघा ओढतात. पूर्वी हा मला अपमान वाटला असता. आता ती एकच रेघ उमटली की मी सुखावतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेल लावा, जपा, पण अधूनमधून पारखाही. माझ्यावर खरी माया केली ती संशय घेणारीने. कोपऱ्यावरच्या त्या तीन खळग्यांचा मला कंपनीच्या छापापेक्षा जास्त अभिमान आहे.

आणि हो, परवा पोस्टमन एक पाकीट घेऊन आमच्या कामावर आला. त्यावर नुसते 'मोराग मॅक्निल' होते. त्याने लॉकीला विचारले, "गावातली कुठली मोराग?"

लॉकीने मान वर न करता सांगितले, "गुण्यावाल्यांची मोराग. दुसरं कोण?"