शेऱ्याचा रकाना

"सहापट!" स्मिता स्टुलावरून जवळजवळ उडालीच. "कृष्णाजीराव, मर्यादेच्या सहापट शिसं आहे तुमच्या कागदात!"

कृष्णाजीराव प्रयोगशाळेच्या दाराबाहेर चपला काढत होते. एक चप्पल पायात आणि एक हातात, असे ते तसेच थांबले.

"परत एकदा बघ की, बाळ. स्वल्प सावकाश बघ."

"तीनदा बघितलं. तिन्ही वेळा सेम!"

स्मिता पुण्याहून आलेली, नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं. तिला या आकड्याचा आनंद झाला तो परीक्षेत मार्क मिळाल्यासारखा. कृष्णाजीराव मात्र हातातल्या चपलेसकट भिंतीला टेकले आणि त्यांनी डोळे मिटले. दोन वर्षं ते या आकड्याची वाट बघत होते.

बंगळूरजवळच्या होसकोट्याच्या बाहेर एक सरकारी शाळा होती आणि शाळेच्या भिंतीला लागून जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढणारी भट्टी. मुख्याध्यापिका अहल्याबाईंनी अर्जांवर अर्ज केले, तेव्हा कुठे प्रदूषण खात्यानं शाळेच्या गच्चीवर हवा तपासायचं यंत्र बसवलं. यंत्र कसलं, उतरत्या छपराचं एक पत्र्याचं खोकं. आतल्या चौकटीत पांढरा जाड कागद लावायचा, पंखा सुरू करून आठ तास हवा ओढू द्यायची आणि मग कागद पाकिटात घालून बंगळूरला आणायचा. कागदावर जे बसलं तेच खाली वर्गातल्या पोरांच्या छातीत बसतं, इतकी सरळ गोष्ट.

पण नऊ वेळा कागद लावले आणि नऊही वेळा ते स्वच्छ निघाले. खात्याची जीप वळणावर दिसली, की भट्टी थंड व्हायची. जीप परतली, की धूर सुरू. बुधवारी शेवटची सुनावणी होती आणि त्यात काही निघालं नाही, तर फाइल बंद होणार होती. म्हणून कृष्णाजीरावांनी दसऱ्याची सुट्टी धरली. सणाचा सदरा घातला, कागदाचं पाकीट पिशवीत टाकलं आणि साध्या बसनं एकटेच गेले. सरकारी माणूस दसऱ्याला कामावर येईल, हे भट्टीवाल्याच्या स्वप्नातही आलं नसतं. दिवसभर भट्टी धडाडून पेटली होती आणि धूर सरळ यंत्रावर येत होता.

ऑफिसप्रमुख रघुपती साहेबांनी म्हैसूरपाक मागवला. शिवाप्पा शिपाई तो घेऊन आला, आणि सणाचं राहिलेलं पूजेचं ताटही बरोबर घेऊन आला. साहेबांनी स्वतः कागदासोबतचं नोंदीचं पत्रक मिरवल्यासारखं वर धरलं.

"बघा, आमच्या शेरेरावांचं काम!"

हे नाव ऑफिसनं त्यांना उगाच दिलं नव्हतं. पत्रकात शेवटी शेऱ्याचा एक रकाना असतो. बाकीचे तिथे 'काही नाही' लिहून मोकळे होतात. कृष्णाजीराव एकोणतीस वर्षं तो काठोकाठ भरत आले होते. 'शेजारच्या बाईने ११.२० ते ११.३५ अंगण झाडले.' 'खाली ट्रक उभा, इंजिन चालू.' 'छपरावर कावळा बसला, हाकलला.' लोक हसायचे. कृष्णाजीरावही हसायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा लिहायचे.

शिवाप्पानं कुंकवाचं बोट स्मितासमोर धरलं. "मॅडम, कुंकुम."

स्मितानं पटकन मान मागे घेतली. "नको हं, प्लीज. हळदीचं असेल तर ठीक. पण हे असं शेंदरी, चकचकीत असतं ना, त्यात शिशाची भेसळ करतात. कॉलेजात आम्ही प्रोजेक्ट केला होता त्यावर."

सगळे हसले. कृष्णाजीरावांच्या हातातला म्हैसूरपाक हातातच राहिला.

शनिवारी, दसऱ्याच्या सकाळी ते गच्चीवर चौकटीत कागद लावत होते, तेव्हा अहल्याबाई ताट घेऊन जिना चढून आल्या होत्या. दहा-बारा पिढ्यांपासून त्या मुलखात मुरलेलं मराठी घर त्यांचं; कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू आणि आवाज शाळेच्या घंटेसारखा खणखणीत.

"अण्णा, काल आयुधपूजेला शाळेची घंटा, शिलाईचं मशीन, पाण्याचा पंप, सगळ्यांची पूजा झाली. ह्या तुमच्या पेटीला कुलूप होतं. ही एकटीच राहिली बघा."

"मग करायला पाहिजे की, अक्का. हिच्यापरीस मोठं आयुध कुठलं आपल्याकडं?"

उदबत्ती तेवढी त्यांनी लावू दिली नाही. धूर आत जाईल म्हणाले. आणि मग त्याच शहाण्या माणसानं छप्पर उचलून आतल्या चौकटीच्या चार कोपऱ्यांना हळद लावली आणि कुंकवाची चार बोटं टेकवली. केशरी, सुकं, भुरभुरणारं कुंकू. अहल्याबाईंनी डोळे मिटून हात जोडले.

"आश्लेषाला एकोणीसपर्यंत पाढे येत होते, अण्णा," त्या म्हणाल्या. "तिसरीतलं पोर. आता सातावर अडतं. पोट धरून बसतं. मोठ्या हॉस्पिटलात रक्त तपासलं, तर त्यात शिसं. ह्या खेपेला तरी तुमच्या पेटीनं खरं बोलावं."

कृष्णाजीरावांनी बटण दाबलं. पत्रकात त्यांनी वाऱ्याची दिशा लिहिली, यंत्र दहा मिनिटं उशिरा सुरू झाल्याचं लिहिलं. पूजा लिहिली नाही. कावळ्याची नोंद करणाऱ्या माणसाला पूजा ही नोंद करायची गोष्ट आहे, हे सुचलंच नाही. घरातून निघताना देवाला हात जोडले, हे कोण लिहून ठेवतं?

प्रसादाची पुडी अजून त्यांच्या पिशवीतच होती. सगळे पांगल्यावर ती त्यांनी स्मिताच्या टेबलावर ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. तिनं चिमूटभर कुंकू आम्लात विरघळवलं, प्रयोगशाळेतल्या यंत्राला दिलं आणि आकडा बघून खुर्चीत मागे सरकली.

"बापरे, काका." ती पहिल्यांदाच त्यांना काका म्हणाली. "हे तर निम्मं शिसंच आहे."

"म्हणजे कागदावरचं कुठलं?"

"सांगता येणार नाही. भट्टीचं असेल, ह्याचं असेल. दोन्ही मिक्स असेल. उरलेला अर्धा कागद आहे, तो टेस्ट करू?"

"त्याच चौकटीतला की तो, बाळ. त्याच्यावरपण भुरभुरलंच असेल." त्यांनी पुडी पुन्हा नीट बांधली. "साहेब उद्या भेटतील नव्हं?"

त्या रात्री त्यांना झोप आली नाही. मंगळवारी सकाळी ते साहेबांच्या खोलीत गेले. त्यांना भीती वाटत होती आणि ती लपवायची कला त्यांना येत नव्हती.

रघुपती साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, उठून दार लावलं.

"कृष्णाजीराव, भट्टी शिसं ओकते, हे तुम्हाला ठाऊक. मला ठाऊक. होसकोट्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक. खरं का खोटं?"

"खरं, साहेब. म्हणून तर दसऱ्याला गेलो."

"मग? उद्या अकराला सुनावणी. ह्या एका कागदावर भट्टीला टाळं लागतंय. तुमचं कुंकू कुणाला दिसणार आहे? वकील काय भिंग घेऊन येणार?"

"नाही दिसणार."

"आणि तुम्ही होऊन सांगितलंत, तर यंत्रात ढवळाढवळ केली म्हणून चौकशी. मार्चला तुम्ही रिटायर. मला वाचवता यायचं नाही तुम्हाला, आत्ताच सांगतो."

साहेबांनी आपल्याला खोलीबाहेर हाकलून द्यावं, असं कृष्णाजीरावांना क्षणभर मनापासून वाटलं. म्हणजे आपला नाइलाज झाला असता. डोळ्यांसमोर सातावर अडलेली ती पोरगी येत होती.

"बोला की," साहेब म्हणाले.

"साहेब, आधीचे नऊ कागद मीच आणले. भट्टी समोर पेटलेली असायची, आपली जीप आली की विझायची, हे डोळ्यांनी बघितलंय. तरी कागद पांढरा निघाला, तर पांढराच आणला. अक्का माझ्यावर ओरडायची, सरकारचा माणूस विकला गेला म्हणायची. ऐकून घेतलं. तेव्हा नको ते निघालं, तरी लिहिलं. आता पाहिजे ते निघालं म्हणून शेरा गिळू? मग ते नऊ कागद कुणी खरे मानायचे, आणि पुढचा तरी कुणी मानायचा?"

साहेबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग न वळताच त्यांनी फाइल मागे सरकवली.

"तुमचं अक्षर, तुमची सही. सरी, ठीक आहे?"

"सरी, साहेब."

रकान्यात दोन ओळींची जागा उरली होती. कृष्णाजीरावांनी लिहिलं : 'यंत्र सुरू करण्यापूर्वी आतील चौकटीस पूजेचे कुंकू लावले. त्या कुंकवात शिसे आढळले. लावणारा हात माझा.'

सुनावणीत भट्टीच्या वकिलानं तो शेरा दोनदा वाचला. एकदा घाईत आणि एकदा चवीनं. "सरकारी यंत्राची हळद-कुंकू लावून पूजा!" असं म्हणून त्यानं सभोवार बघितलं आणि समोरचे अधिकारीही ओठ दाबून हसले. कागद बाद झाला. भट्टी चालू राहिली. फाइल मात्र बंद झाली नाही; खात्याला नवा नमुना आणायला तीन महिने मिळाले, पंधरा जानेवारीपर्यंत, आणि कृष्णाजीरावांना मेमो मिळाला.

सुनावणीनंतर अहल्याबाईंनी त्यांना कचेरीच्या जिन्यात गाठलं.

"ताट माझं होतं, अण्णा."

"हात माझा होता, अक्का."

"गप्प बसायचं होतं!" त्यांचा आवाज जिनाभर घुमला. "एकोणतीस वर्षांत एक दिवस गप्प बसवलं नाही तुम्हाला? आश्लेषाच्या आईला मी काय सांगू? सरकारच्या माणसाला रकाना भरायचा होता म्हणून?"

कृष्णाजीरावांनी मान खाली घातली. अहल्याबाई पदरानं डोळे पुसत निघून गेल्या. 'येते' एवढंसुद्धा म्हणाल्या नाहीत, आणि त्यानंतर तीन महिने त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत. कृष्णाजीराव दोनदा जीपमधून कागद लावायला गेले, तेव्हा त्यांनी गच्चीची किल्ली शाळेच्या शिपायाच्या हाती पाठवली. दोन्ही कागद पांढरे निघाले.

मुदत संपायला एक दिवस राहिला, तो नेमका संक्रांतीचा. शाळा बंद, ऑफिस बंद. गच्चीच्या किल्लीसाठी शाळेच्या शिपायाकडे आधीच निरोप ठेवून कृष्णाजीराव पुन्हा साध्या बसनं निघाले. सुनावणी जिंकल्यापासून भट्टी माजली होती; सुट्टीच्या दिवशी तर धूर लांबूनच दिसत होता. ते गच्चीवर पोचले, तेव्हा वारा शाळेच्या दिशेनंच होता.

त्यांनी छप्पर उचललं. दर खेपेला ते चौकट पुसत आले होते, पण खाचेत अजून तांबूस रेघ होती. त्यांनी स्पिरिटचा बोळा घेतला. कुंकू पुसताना हात एकदा अडखळला, मग त्यांनी खसखसून चौकट लख्ख केली. स्मितानं दिलेले हातमोजे घालून नवा कागद बसवला.

जिन्यात पावलं वाजली. चाल ओळखीची होती.

संक्रांत, म्हणजे हळदीकुंकवाचा सण. सकाळपासून घरोघर जाऊन आलेली बाई, कपाळ भरलेलं असणार, हातांना कुंकू असणार. वर येऊ नका म्हणायला हवं होतं. पण सवाष्णीला, आणि तेही आजच्या दिवशी, तुमचं कुंकू इथे नको, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? ते नुसतेच यंत्राच्या आडवे होऊन उभे राहिले.

अहल्याबाई शेवटच्या पायरीवर थांबल्या. उन्हात त्यांचं कपाळ दिसलं. कुंकू नव्हतं. रुपयाएवढ्या जागेवर कातडी फिकट आणि चोळून लाल झालेली होती.

"साबणानं धुतलं," त्या म्हणाल्या. "हातपण. साडीपण कालची धुतलेली आहे."

कृष्णाजीराव यंत्रासमोरून बाजूला झाले.

"सासूबाई जेवल्या नाहीत. हे ओरडले. म्हटलं, तुम्ही धडधाकट आहात, संध्याकाळी लावते परत." त्यांनी भट्टीकडे बघितलं. धूर जोरात होता. "सुरू करा, अण्णा. उगंच वेळ नको."

कृष्णाजीरावांनी बटण दाबलं. पंखा घरघरू लागला. भिंतीपाशी बसून त्यांनी पत्रक मांडीवर घेतलं, वेळ लिहिली, वाऱ्याची दिशा लिहिली. शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मग त्यांनी लिहिलं : 'चौकट स्पिरिटने पुसली. गच्चीवर दोन माणसे. दोघांच्याही अंगावर कुंकू नाही.'

त्यांनी पत्रक वळवून अहल्याबाईंच्या पुढे केलं. त्यांनी ते सावकाश वाचलं, पेन मागून घेतलं आणि शेऱ्याखाली आपली सही केली.