पहिला जाळ

थोरल्या भावाशी पैज लावून बसली होती बाई, आणि आता जीभ चावत होती. नवरा गेल्यानंतरचा हा पहिला हिवाळा. "एकटी गारठून मरशील, माझ्याकडे चल," असा दादाचा धोशा. तिनंही फणकाऱ्यानं सांगून टाकलं, "शेगडी बसवतेय. रविवारी ये. खोली उबदार नसली तर बॅग भरते!"

शेगडी आली ती नेमकी रविवारी सकाळी. बिडाची, काळी कुळकुळीत. खाली विटा, लाकडी भिंतीपासून चांगली लांब, धुराचा पाइप थेट छपराबाहेर. सगळं झकास. आणि मिस्त्री निघताना म्हणतो कसा, "पहिले दोन-तीन जाळ हलकेच करा, मधे पूर्ण गार होऊ द्या. एकदम तापवलीत तर बीड तडकेल. रंगाचा वास सुटेल, तेव्हा खिडक्या सताड उघड्या."

घ्या! म्हणजे पैज जिंकायची तर शेगडीचं वाटोळं करायचं.

दादा आला तेव्हा आत मूठभर काटक्या जळत होत्या, खोलीत रंगाचा उग्र दर्प होता आणि खिडक्यांतून बोचरा वारा येत होता. ती शाल लपेटून शेगडीसमोर बसलेली.

"अगं, ही काय शेगडी म्हणायची?" दादानं नाक दाबलं. तिनं मिस्त्रीचं सगळं सांगितलं. ऐकतोय कोण! "नखरे नुसते," म्हणत त्यानं कोपऱ्यातला जाडजूड ओंडका उचलला आणि शेगडीचं दार उघडून आत ढकलला.

ती ताडकन उठली. हातमोजे चढवले, ओंडका पेट घ्यायच्या आत बाहेर ओढला आणि अंगणातल्या लोखंडी बादलीत नेऊन टाकला. परत येऊन शेगडीच्या आणि त्याच्या मधे उभी राहिली.

"हात लावायचा नाही, दादा."

"तुझ्याच भल्याचं बघत होतो. आता खोली तापत नाही संध्याकाळपर्यंत."

"नाही तापत."

"म्हणजे हरलीस."

"हरले," ती म्हणाली. थंडीनं तिचे दात वाजत होते, पण आवाज खणखणीत होता. "हरले, आणि येत नाही. काय करणार आहेस? उचलून नेणार?"

दादा बघतच राहिला. लहानपणापासून शब्दाला जागणारी त्याची बहीण तोंडावर शब्द मोडत होती आणि तिला लाजही वाटत नव्हती.

"गारठशील गं," तो हळूच म्हणाला.

"आज गारठेन. माझ्या घरात गारठेन."

आणि तिनं उरलेली खिडकीही उघडली.